सुकाण, हाताच्या मापाचे

भाईंदरहून आलेली रो-रो बोट वसई किल्ल्याच्या जेट्टीला लागते, तेव्हा उतारूंचे लक्ष आपापल्या गाड्या सुरू करण्याकडे असते. त्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत बोट चालवणारा माणूस काय करतो, ते सहसा कुणी पाहत नाही. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचा वळसा थोड्या मिनिटांच्या जलप्रवासावर आला. एप्रिल २०२५ पासून वैतरणेच्या खाडीवरही विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडच्या खारवाडेश्रीला अशीच बोट जाऊ लागली. दोन्ही ठिकाणी खाडी ओलांडणे सोपे आहे, अवघड आहे ते बोट धक्क्याला लावणे. उधाणाला या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या जवळ जातो. एवढे पाणी साधारण सहा तासांत खाडीत शिरते आणि पुढच्या सहा तासांत बाहेर पडते. धक्क्याकडे सरळ येणाऱ्या बोटीला ते आडवे ओढते. त्यात पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा आणि उल्हास नदीचे गढूळ पाणी यांची भर पडते.

या ओढीशी झगडण्यासाठी माणसाने शेकडो वर्षे जी साधने वापरली, त्यात जॉयस्टिक, म्हणजे हाताने कलवायची छोटी कांडी, हे सर्वांत नवे. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, खोचिवडे, अर्नाळा या बंदरांतल्या मचव्यांवर आजही दांडा किंवा चाकच आहे. तरीही जॉयस्टिकची चर्चा या किनाऱ्यावर व्हायला हवी असे मला वाटते, कारण तिच्यात एक गोष्ट आहे जी दांड्यात आणि चाकात कधीच नव्हती. ती चालवणाऱ्याच्या हाताप्रमाणे बदलता येते.

आधी सुकाणाचे काम नीट समजून घेऊ. सुकाण म्हणजे बोटीच्या मागे पाण्यात उभी धरलेली फळी. ती स्वतःच्या बळावर बोट वळवत नाही. तिच्यावरून वाहणारे पाणी तिला एका बाजूला ढकलते, म्हणून बोट वळते. बोट वेगात असली की थोडे सुकाण पुरते. वेग कमी झाला की तेच सुकाण अर्धे-पाऊण फिरवले तरी बोट दाद देत नाही. म्हणजे धक्क्याशी, जिथे सर्वांत बारीक ताबा हवा, तिथेच सुकाण सर्वांत दुबळे असते. दुसरी अडचण अशी की सुकाण बोटीचे तोंड फिरवत नाही, मागची बाजू फिरवते. पुढे चाललेली बोट नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, साधारण एक तृतीयांश लांबीवर असलेल्या बिंदूभोवती वळते. तोंड डावीकडे वळवा, मागचा भाग उजवीकडे फेकला जातो आणि शेजारी बांधलेल्या बोटीला घासतो. मोटार चालवायला शिकलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी पचत नाही. तिसरी गोष्ट पंख्याची. मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा रिव्हर्समध्ये टाकला की बोटीची मागची बाजू डावीकडे खेचतो. मुरलेला तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, या खेचीशी भांडत नाही, तिचा उपयोग करतो. धक्का डाव्या हाताला ठेवून तो तिरका येतो, ऐन वेळी रिव्हर्स मारतो आणि बोटीची पाठ आपोआप धक्क्याकडे सरकते. हे कसब वर्षानुवर्षांचे आहे आणि जॉयस्टिक आल्याने त्याची किंमत कमी होत नाही.

वसई आणि सातपाटी या दोन्ही ठिकाणच्या मचव्यांच्या बांधणीची मत्स्यव्यवसायाच्या साहित्यात स्वतंत्र नोंद आहे. १९५० च्या दशकात या बोटींवर इंजिने बसू लागली आणि शीड हळूहळू दुय्यम झाले. सुकाण मात्र तसेच राहिले. लहान होडीवर दांडा थेट सुकाणाच्या माथ्यावर असतो. मोठ्या बोटीवर केबिनमध्ये चाक आणि तिथून साखळी किंवा तारेच्या दोराने सुकाणापर्यंत जोडणी. दांड्याची चाल उलटी असते. दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते. चाकाची चाल सुलटी.

या उलट-सुलटीने जगभर गोंधळ घातलेला आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाजावर हिमनग दिसताच पहिला हुकूम सुटला तो सुकाण उजवीकडे घेण्याचा, आणि खलाशाने चाक पुरते डावीकडे फिरवले. त्याची चूक झाली नव्हती. त्या काळी हुकूम दांड्याच्या दिशेने देण्याची रीत होती, दांडा जहाजावरून नाहीसा होऊन कितीतरी काळ लोटला होता तरीही. जहाज ज्या बाजूला वळायचे तीच बाजू हुकमात उच्चारायची, असे १९२९ च्या लंडन येथील सागरी सुरक्षा परिषदेत ठरले आणि पुढच्या काही वर्षांत ते अमलात आले. साधन बदलले तरी हाताची सवय मागे राहते, हे यातून दिसते. जॉयस्टिक बसवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. ज्याने तीस वर्षे दांडा धरला, त्याचा हात संकटात उलटाच जाणार. त्याच्यासाठी जॉयस्टिकची डावी-उजवी बाजू उलटून देणे ही एका सेटिंगची गोष्ट आहे. ती करावी की नव्याने सवय लावावी, हे त्या माणसाने ठरवायचे. माझे मत असे की बोटीवर तो एकटाच चालवणारा असेल तर उलटून द्यावी. दोघे-तिघे आळीपाळीने चालवत असतील तर कुणासाठीही उलटू नये.

आता जॉयस्टिक काय करते ते पाहू. चाक सांगते, ‘सुकाण इतके फिरव.’ जॉयस्टिक सांगते, ‘बोट तिकडे ने.’ मधले सगळे गणित संगणक करतो. हे तंत्र समुद्रात जहाज एका जागी धरून ठेवण्याच्या प्रयत्नातून वाढले. १९६१ साली मेक्सिकोजवळच्या ग्वाडालुपे बेटापाशी कस-१ नावाचे जहाज सुमारे साडेतीन हजार मीटर खोल पाण्यावर उभे राहिले. तिथे नांगर टाकणे शक्य नव्हते, म्हणून जहाजाच्या चार बाजूंना फिरवता येणारे पंखे लावले होते आणि आजूबाजूच्या तरंडांवर नजर ठेवून माणूस ते हाताने चालवत होता. त्याच वर्षी युरेका नावाच्या दुसऱ्या जहाजाने हे काम यंत्राकडे सोपवले. तेलविहिरींवरच्या जहाजांचे हे तंत्र लहान बोटींपर्यंत यायला चार दशके गेली. २००६ साली स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने आपल्या फिरत्या पंख्यांच्या जोडीला जॉयस्टिक दिली, आणि २०१३ च्या सुमारास मर्क्युरी आणि यामाहा यांनी ती मागे टांगायच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी आणली.

दोन आउटबोर्ड इंजिने असलेली एक बोट डोळ्यांपुढे आणा. इंजिनांमध्ये एक मीटर अंतर आहे, म्हणजे प्रत्येक इंजिन मध्यरेषेपासून अर्धा मीटर बाजूला. बोट बाजूला ढकलली तर न फिरता सरळ सरकेल असा तिचा मध्य इंजिनांच्या तीन मीटर पुढे आहे. आता बोट धक्क्याकडे, उजव्या बाजूला, आडवीच सरकवायची आहे. संगणक दोन्ही इंजिने अशी वळवतो की त्यांच्या जोराच्या रेषा त्या मध्यातून जातील. त्यासाठी सुमारे साडेनऊ अंशांचा कोन लागतो. मग तो डाव्या इंजिनाला पुढे आणि उजव्याला मागे चालवतो. एकाचा पुढचा जोर आणि दुसऱ्याचा मागचा जोर एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो दोघांचा थोडा थोडा उजवीकडचा जोर. दोन्ही रेषा मध्यातून जात असल्यामुळे बोट फिरत नाही, आडवी सरकते.

या हिशेबातला आकडा महत्त्वाचा आहे. प्रत्येक इंजिन शंभर किलोच्या जोराने ढकलत असेल तर बाजूला मिळणारा जोर फक्त तेहतीस किलोंच्या आसपास येतो. बाकीचा सगळा एकमेकांविरुद्ध खर्च होतो. जॉयस्टिकवर बोट आडवी नेताना इंजिने एवढा आवाज का करतात आणि बोट तरी इतकी सावकाश का सरकते, याचे उत्तर इथे आहे. शिवाय पंखा उलटा फिरताना कमी जोर देतो, म्हणून मागे चालणाऱ्या इंजिनाचे फेरे संगणकाला वाढवावे लागतात. उधाणाच्या ओहोटीत हा तेहतीस किलोंचा जोर पाण्याच्या ओढीपुढे अपुरा पडू शकतो. विक्रेत्याच्या चित्रफितीत बोट शांत गोड्या पाण्यात नाचताना दिसते. वसईच्या खाडीत ती घेण्याआधी ओहोटीच्या भर प्रवाहात चालवून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आणि तो मध्य, ज्याच्यावर सगळे गणित उभे आहे, तो एका जागी राहत नाही. मासेमारीला जाताना बोटीत डिझेल, बर्फ आणि पाणी असते. परत येताना डिझेल आणि बर्फ घटलेला असतो, जाळी ओली झालेली असते आणि बोंबील नाहीतर सुरमईचे क्रेट कुठे रचले आहेत त्यावर बोटीचा तोल ठरतो. मागचा भाग खाली बसला की मध्य मागे सरकतो. मग आडवी सरकायला हवी ती बोट तोंड फिरवू लागते. म्हणून जॉयस्टिक बसवताना चाचणी रिकाम्या बोटीवर करून भागत नाही. एक चाचणी रिकामी आणि एक भरलेली, अशा दोन्ही करून दोन्हींची सेटिंग वेगवेगळी जतन करून ठेवावी लागते. उतारूंच्या बोटीला हाच नियम. तीस माणसे पुढे जाऊन उभी राहिली तर बोटीचा स्वभाव बदलतो.

इथवर बोटीची गोष्ट झाली. खरे काम हाताशी सुरू होते.

पहिला प्रश्न असा की जॉयस्टिक हलवली तर नेमके काय हलावे? याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत सुकाण कांडीच्या मागोमाग जाते. कांडी दहा अंश कलली तर सुकाण दहा अंश, कांडी मध्यावर आली तर सुकाणही मध्यावर. दुसऱ्या पद्धतीत कांडी दाबून धरली आहे तोवर सुकाण फिरत राहते आणि सोडली की आहे तिथेच थांबते. पहिली पद्धत शिकायला सोपी, कारण हाताकडे पाहून सुकाण कुठे आहे ते कळते. दुसरीत ते कळत नाही, म्हणून डोळ्यांसमोर सुकाणाचा कोन दाखवणारा काटा असायलाच हवा. पण दुसरीचे यंत्र साधे असते. त्यात फक्त दोन स्विच, पंप आणि टोकाला थांबवणारे स्विच लागतात. संगणक बिघडला तरी ती चालते. मोठ्या जहाजांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि पहिली बिघडली की दुसरी हातात घेतात. जहाजांच्या सुकाणाला आंतरराष्ट्रीय नियमाने वेळेचे बंधनही आहे. पूर्ण वेगात सुकाण एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांच्या आत गेले पाहिजे. लहान बोटीवर याहून खूप जलद सुकाण बसवता येते आणि तिथेच चूक होते. बोट वळायला वेळ घेते. सुकाण तिच्याहून फार चपळ असेल तर चालवणारा वाट न पाहता आणखी फिरवतो, मग बोट जास्त वळते, मग तो उलट फिरवतो, आणि पाण्यावर नागमोडी रेघ उमटते.

दुसरी गोष्ट मध्यावरची निष्क्रिय जागा. कांडी अगदी थोडी हलली तर यंत्राने दुर्लक्ष करावे अशी ही पट्टी असते. ती फार लहान ठेवली तर लाटेच्या धक्क्याने हात हलला तरी बोट वळते. फार मोठी ठेवली तर कांडी बरीच हलवेपर्यंत काहीच घडत नाही आणि मग एकदम घडते. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर लाटांत होडी लावणाऱ्याला ही पट्टी रुंद हवी. नायगावच्या खाडीत, जिथे पाणी सपाट पण जागा अरुंद, तिथे ती बारीक हवी.

तिसरी गोष्ट चढणीची. कांडी निम्मी कलली तर जोरही निम्माच मिळावा, ही सरळ चढण. त्याऐवजी घनाच्या नियमाने जोर दिला तर निम्म्या कलावर एक अष्टमांश जोर मिळतो आणि पूर्ण कलावर पूर्णच. याचा फायदा असा की मध्याजवळ, म्हणजे धक्का हातभर लांब असताना, कांडी खूप हलवूनही बोट थोडीच हलते. बारीक काम सोपे होते आणि गरज पडली की सगळा जोर हाताशी असतोच. नवशिक्याला अशी चढण द्यावी. मुरलेल्या माणसाला ती सुस्त वाटते आणि तो सरळ चढण मागतो, असे घडू शकते. दोघांचेही बरोबर असते.

हात थरथरत असेल तर काय करायचे, हा प्रश्न या किनाऱ्यावर महत्त्वाचा आहे, कारण अनेक बोटी वयस्क माणसांच्या हातात आहेत. पार्किन्सनच्या आजारातली थरथर साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होते. बोट वळवण्याचा हेतू असलेली हालचाल त्याच्यापेक्षा खूप सावकाश असते. म्हणून जलद हालचाल गाळून फक्त सावकाश हालचाल पुढे पाठवणारी गाळणी बसवता येते. पण तिची किंमत मोजावी लागते. जितके जास्त गाळावे तितका हुकूम उशिरा पोहोचतो, आणि बोट आधीच उशिरा वळणारी. गाळणी अति केली तर वर सांगितलेली नागमोड परत येते. म्हणून आधी हाताला आधार द्यावा आणि मग उरलेल्या थरथरीपुरतीच गाळणी लावावी. मनगट आणि कोपर टेकवायला रुंद, न घसरणारी पट्टी दिली की निम्मे काम होते. निरोगी हातालाही ती लागते. बोट उसळली की माणूस उसळतो, माणूस उसळला की कांडी हलते, कांडी हलली की बोट आणखी उसळते. हे चक्र तोडायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हाताखालची ती पट्टी.

कांडीतल्या स्प्रिंगचा विचारही माणूस पाहून करावा. धक्क्याला लावताना कांडी सोडली की ती आपोआप मध्यावर आलेली बरी, म्हणजे हात सुटला तर जोरही सुटतो. पण तासन्‌तास एका दिशेने जाळे ओढत नेणाऱ्या तांडेलाला स्प्रिंगविरुद्ध कांडी दाबून धरायला लावणे म्हणजे त्याचा खांदा दुखवणे. त्याला जिथे ठेवली तिथे राहणारी कांडी द्यावी, आणि सोबत बोट आपोआप दिशा धरून ठेवेल अशी सोय. बोट जागच्या जागी फिरवण्यासाठी कांडीला पीळ द्यावा लागतो, तेही संधिवात झालेल्या बोटांना जमत नाही. तेव्हा पीळ काढून टाकावा आणि फिरवण्याचे काम दुसऱ्या हाताच्या दोन मोठ्या बटनांना द्यावे. कांडीची मूठही वेगळी करता येते. सगळी बोटे न उरलेल्या हाताला गोल लाकडी गोळा चालतो, काहींना इंग्रजी टी आकाराची मूठ सोपी जाते, काहींना नुसता तळहात टेकवायचा कप.

ज्यांचे हात अजिबात चालत नाहीत त्यांच्यासाठी याच तंत्राने किती लांब मजल मारली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रिटनच्या हिलरी लिस्टर यांना मज्जातंतूंच्या आजाराने मानेखाली लुळेपण आले. त्यांच्या बोटीत तोंडासमोर नळ्या होत्या. नळीत फुंकले किंवा ओढले की सुकाण आणि शिडे हलत. २००५ साली त्यांनी इंग्लिश खाडी एकटीने ओलांडली. २००९ साली ब्रिटनची पूर्ण प्रदक्षिणा एकटीने केली. आणि २०१४ साली त्या आपल्या समुद्रात आल्या. ओमानच्या नश्वा अल् किंदी यांच्यासोबत तीन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीतून त्या मुंबईहून निघून अरबी समुद्र ओलांडून मस्कतला पोहोचल्या. २०१८ साली त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियाचे बोट-रचनाकार ख्रिस मिचेल यांनी वेगळ्या बाजूने काम केले. त्यांच्या हान्सा जातीच्या लहान शिडाच्या बोटींत बसणारा पुढे तोंड करून खोल आसनात बसतो आणि गुडघ्यांमधली कांडी हलवून सुकाण वळवतो. ज्यांच्या हातात तेवढाही जोर नाही, त्यांच्यासाठी त्याच बोटीला विजेवर चालणारी छोटी कांडी जोडतात. अशा बोटी सहज कलंडत नाहीत, म्हणून अपंगांसोबत लहान मुलेही त्या चालवतात. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. वाहतुकीच्या साधनांत कोण चढू शकतो याचा विचार त्यात आहे. खाडीतली बोट कोण चालवू शकतो याचाही विचार आता व्हावा.

हात आणि यंत्र यांच्यातली ही जोडणी ढिसाळ ठेवली तर काय होते, याचे भयंकर उदाहरण २१ ऑगस्ट २०१७ चे आहे. अमेरिकेच्या नौदलाची जॉन एस. मॅकेन ही विनाशिका सिंगापूरजवळ एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक मेले. तिच्यावर सुकाण आणि इंजिने स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावरून हाताळली जात होती. वेगाचा ताबा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी देताना सुकाणाचा ताबाही नकळत सरकला. सुकाण निकामी झाले असे चालवणाऱ्याला वाटले. दोन्ही बाजूंची वेगनियंत्रणे एकत्र जोडलेली नव्हती, त्यामुळे वेग कमी करायला गेले तेव्हा एकाच बाजूचा वेग कमी झाला आणि जहाज डावीकडे वळत गेले. चौकशीनंतर अमेरिकेच्या नौदलाने वेग नियंत्रणासाठी पुन्हा हातात धरायचे दांडे बसवायचे ठरवले. दांडा कुठे आहे हे अंधारातही बोटांना कळते, गुळगुळीत काचेवर कळत नाही. मासेमारीच्या बोटीवर तर हात ओले, खारट आणि माशाच्या चिकट्याने माखलेले असतात. तिथे पडदा फक्त पाहण्यासाठी ठेवावा.

वसईच्या सर्वसाधारण मचव्यावर जॉयस्टिकचा सगळा संच बसणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्याच्यावर एकच डिझेल इंजिन, एकच न फिरणारा पंखा आणि एकच सुकाण. आडवे सरकायला दुसरा जोर लागतो आणि तो इथे नाही. नाळेजवळ आडव्या नळीत बसवलेला छोटा पंखा तो जोर देऊ शकतो, पण लाकडी बोटीला पाण्याखाली भोके पाडावी लागतात आणि जाळ्याचे दोर त्यात अडकण्याची भीती असते. मला यापेक्षा साधा मार्ग पटतो. साखळी-दोराच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या, त्याला विजेचा छोटा पंप, आणि वर सांगितलेली दुसऱ्या पद्धतीची कांडी. तिची वायर लांब ठेवली तर तांडेल जाळे ओढायच्या जागी उभा राहून, सगळे डोळ्यांसमोर ठेवून बोट वळवू शकतो. केबिनमधले चाक काढायचे नाही. कांडीच्या आत घासणारे भाग नकोत. चुंबक आणि त्याची दिशा ओळखणारा संवेदक घ्यावा, कारण खारी हवा घासणारे धातू लवकर खाते. संवेदक दोन असावेत. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर यंत्राने हुकूम सोडून द्यावा आणि भोंगा वाजवावा. आणि सुकाणाच्या माथ्यावर बसणारा सुटा लोखंडी दांडा बोटीत कायम असावा, तो बसवून पाहण्याचा सराव करावा.

हे काम करायला आपल्याकडे वेळही ठरलेली आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी ओढून दुरुस्तीला ठेवलेल्या असतात. जोडणी तेव्हा करावी. बोट पाण्यात उतरली की पहिली चाचणी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या, दिवसांत, भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात करावी, म्हणजे बोट जे करते ते कांडीमुळे की प्रवाहामुळे हे वेगळे कळते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी बसण्याची जागा आणि हाताचा आधार ठरवा, मग मधली निष्क्रिय जागा, मग चढण, शेवटी वेगाची कमाल मर्यादा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झाले ते समजत नाही. शिंपी जसा कच्चा टाका घालून एकदा अंगावर घालायला लावतो, तशी ही सेटिंग एकदा उधाणात आणि एकदा भरल्या बोटीने घालून पाहायची, मगच पक्की करायची. बाप आणि मुलगा दोघे चालवत असतील तर दोघांच्या नावाने दोन सेटिंग ठेवाव्यात, आणि कुणाची चालू आहे ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावे.

यातला सर्वांत मोठा अडथळा तंत्राचा नाही. बाजारातल्या बहुतेक संचांत ही सेटिंग विक्रेत्याच्या लॅपटॉपवरूनच बदलता येते आणि मालकाला फक्त दोन-तीन तयार पर्याय मिळतात. शहरातला तंत्रज्ञ दिवसभरासाठी बंदरावर येतो, शांत पाण्यात एकदा बोट फिरवतो आणि परत जातो. ज्याला रोज पहाटे ओहोटीत खाडीबाहेर पडायचे आहे, त्याच्या हातात बदलायचे काहीच उरत नाही. सुरक्षेच्या मर्यादा, म्हणजे कमाल वेग किंवा संवेदक बिघडल्यावरचे थांबणे, या कुलुपात असाव्यात हे मला मान्य आहे. पण निष्क्रिय जागा, चढण, गाळणी, स्प्रिंगचा ताण आणि दिशेची उलट-सुलट या पाच गोष्टी मालकाच्या हातात असायला हव्यात, मराठीत लिहिलेल्या असायला हव्यात, आणि ओल्या हाताने फिरवता येतील अशा पाच खुंट्यांवर असायला हव्यात. मच्छीमार सहकारी संस्था एकत्र खरेदी करतात तेव्हा ही अट निविदेतच घालता येते. एका बोटीच्या मालकाने मागितले तर कंपनी ऐकत नाही. शंभर बोटींची मागणी एकदम गेली तर तिला ऐकावे लागते.